बारा महिन्यांची सही

ग्लेनिस कार्टलिजने एकवीस वर्षांत एकाही माणसाचा पगार एक दिवससुद्धा उशिरा होऊ दिला नव्हता. हार्कनेल पॉटरीत मालक बदलले, मॅनेजर बदलले, कपबश्यांवरची फुलं बदलली, पण महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी सकाळी सातच्या आत पैसे प्रत्येकाच्या खात्यात पडलेले असत. मॅनेजर काय म्हणतो ते लोक ऐकून घ्यायचे, आणि ग्लेनिस काय म्हणते ते खरं धरायचे. तिलाही याचा थोडा तोरा होताच.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या मंगळवारी ॲड्रियन पेनफोल्डने तिला आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. पेनफोल्ड म्हणजे नवा मॅनेजर, आठ महिन्यांपूर्वी मुख्य कचेरीतून आलेला. गोड बोलायचा, सगळ्यांची नावं लक्षात ठेवायचा, आणि स्टोकच्या लोकांसारखं येताजाता ‘डक’ म्हणायचा. या गावात पोस्टमनपासून दाताच्या डॉक्टरपर्यंत सगळेच एकमेकांना बदक म्हणतात, त्यात विशेष काही नाही. पण पेनफोल्डच्या तोंडी तो शब्द दुसऱ्याचा कोट घातल्यासारखा दिसे.

“बसा, ग्लेनिस. हे आपल्या दोघांतच राहू दे. सत्तावीस मार्चला कारखाना बंद होतोय.”

ग्लेनिसला आधी वाटलं, दुरुस्तीसाठी म्हणतोय. ईस्टरला भट्टी चार दिवस विझवतातच. पण तो पुढे बोलत गेला तसं तिला कळलं, हे दुरुस्तीचं नव्हे. भट्टीच्या गॅसचं बिल आवाक्याबाहेर गेलं होतं आणि मुख्य कचेरीने हात वर केले होते. सत्तावीस तारखेला लोक कामावर येतील तेव्हा फाटकाला नवं कुलूप असेल आणि दिवाळखोरीचा कारभार बघणारा अधिकारी आत येऊन बसलेला असेल.

“आणि लोकांना कधी सांगायचं?”

“सत्तावीसला.”

“त्याच दिवशी? अहो, साठ माणसं आहेत!”

“आधी फुटलं तर हॉटेलवाल्यांची ऑर्डर हातची जाईल. तिच्याच पैशातून मार्चचा पगार निघायचाय. तुम्ही एकाला सांगणार, तो बायकोला सांगणार, बायको केस कापायला गेली की तिथे सांगणार. मग साठही जणांचा महिना बुडाला, आणि तो तुमच्यामुळे.” हे सगळं तो हसतमुखाने सांगत होता. “तुम्हाला सांगतोय ते शेवटच्या पगाराची आकडेमोड तयार ठेवायला हवी म्हणून. इथे सही करा.”

गुप्ततेचा कागद होता. तिने सही केली. त्या खोलीत तिला दुसरं काही सुचलंच नाही.

पोटात गुपित ठेवणं म्हणजे काय हे तिला त्या आठवड्यात कळलं. जेवण जाईना. रोज दिसणाऱ्या गोष्टी आता तिच्याकडे बघत असल्यासारख्या वाटू लागल्या. दर गुरुवारी येणारा चिकणमातीचा ट्रक आला नाही. शुक्रवारी करड्या जाकिटातला एक माणूस आला आणि कुणाशी न बोलता यंत्रांच्या खाली, टेबलांच्या पाठीमागे वाकून वाकून छोटे गोल स्टिकर चिकटवत फिरला. प्रत्येक स्टिकरवर एक नंबर. लोकांनी विचारलं तर म्हणाला, विम्यासाठी. कपांना सोनेरी कड काढणारी बेव्ह ब्लूर त्याला म्हणाली, “डक, मलाही एक लाव. या वयात माझा विमा कुणी उतरवत नाही.” सगळे हसले. ग्लेनिस खिडकीतून बघत होती. लिलावात आधी नंबर पडतात, हे तिला माहीत होतं.

सोमवारी तिच्या टेबलावर डॅरिल शेरटचा सायकलचा फॉर्म आला.

योजना जुनीच होती. कंपनी आपल्याला सायकल घेऊन देते, आणि तिची किंमत वर्षभर आपल्या पगारातून, कर लागायच्या आधीच, थोडी थोडी कापते. कर वाचतो, म्हणून सायकल स्वस्त पडते. वर्ष संपेपर्यंत कागदोपत्री ती कंपनीचीच. आपण भाड्याने चालवायची. आजवर अशा वीस-पंचवीस सायकली ग्लेनिसच्या हाताखालून गेल्या होत्या. फॉर्मच्या तळाशी ‘मालकाच्या वतीने’ अशी एक रेघ असते आणि त्या रेघेवर सही तिची.

डॅरिल भट्टीत भांडी रचायचा. त्याची आई डोरीन आणि ग्लेनिस तरुणपणी एका बाकावर बसून बशांवर फुलांचे छाप चिकटवायच्या. डोरीन गेली तेव्हा दफनानंतरची सँडविचं ग्लेनिसनेच केली होती. पुढे डॅरिल आधी कामाला होता तो कारखाना बंद पडला आणि हा धडधाकट माणूस दोन वर्षं घरी बसला. बसला म्हणजे कसा, तर पडदे ओढून. त्याची बायको कर्स्टी तेव्हा दोन्ही मुलींना घेऊन क्रू गावी बहिणीकडे निघून गेली होती, तीन महिने. दीड वर्षापूर्वी ग्लेनिसने शब्द टाकला, त्याला हार्कनेलमध्ये चिकटवलं, आणि कर्स्टी परत आली. परत येताना तिने स्पष्ट सांगितलं होतं, पुन्हा घरी बसलास तर मी जाईन, आणि या खेपेला येणार नाही. कर्स्टी उगाच बोलणारी बाई नव्हती.

दुपारी कँटीनमध्ये डॅरिल चीज-बेकनचा ओटकेक, म्हणजे ओटच्या पिठाचं धिरडं, घेऊन ग्लेनिससमोर येऊन बसला. शेजारी बेव्ह होतीच.

“डक, माझा फॉर्म मिळाला?”

“मिळाला. नऊशे पौंड! सायकल घेतोयस का घोडा?”

“कॅनॉलच्या काठाने यायचं म्हणजे चिखल. टायर दणकट नकोत? गाडी तर भंगारात गेली, आणि बसने यायचं तर दोन ठिकाणी बदलावी लागते.”

“याचं पोट बघता ट्रॅक्टरचे टायर लागतील,” बेव्ह म्हणाली.

“तू गप गं. तुला मागे बसवणार नाही.” मग तो पुढे झुकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “ग्लेनिस, तुला एक सांगतो. हॉस्पिटलच्या लाँड्रीत मला नोकरी मिळतेय. कायमची. येत्या नाही, त्याच्या पुढच्या शुक्रवारी चारच्या आत त्यांना हो की नाही ते कळवायचंय.”

ग्लेनिसला एकदम हायसं वाटलं. ती म्हणाली, “मग घे की! वाट कसली बघतोस?”

“कर्स्टीही तेच म्हणते. हॉस्पिटल कधी बंद पडत नाही, चादरी मळायच्या थांबत नाहीत. पण पगार कमी, पहाटे पाचला हजर व्हायचं, आणि दिवसभर लोकांची अंथरुणं धुवायची. माझं मन इथं लागतं गं. भट्टी उघडल्यावर एकही बशी तडकलेली नसली ना, की मला दिवसभर बरं वाटतं. फक्त एकच भीती आहे. हाही बंद पडला तर?”

ग्लेनिस चहा ढवळत राहिली.

“म्हणून मी एक युक्ती काढलीय,” डॅरिल म्हणाला. “सायकलचा करार बारा महिन्यांचा. मालक बारा महिन्यांच्या करारावर सही करतो याचा अर्थ काय? बारा महिने कारखाना आहे. बंद करायचा असता तर सही कशाला करतील? पेनफोल्डचं सोड, तो काय, हसत हसत काहीही सांगेल. पण त्या कागदावर सही तुझी असते. तू सही केलीस की मी लाँड्रीवाल्यांना नाही म्हणून कळवणार.”

“आम्हीसुद्धा तेच बघतोय,” बेव्ह म्हणाली. या वेळी तिने विनोद केला नाही. “ट्रक आला नाही ना गुरुवारी. लोक बोलायला लागलेत.”

ग्लेनिस उठली. कप उचलायचा राहूनच गेला.

दोन वर्षं पुरी झाली नसली तर माणसाला काढताना नुकसानभरपाई मिळत नाही. डॅरिलला आठवड्याभराची नोटीस, बस्स. शिवाय सायकलचे राहिलेले हप्ते शेवटच्या पगारातून एका फटक्यात कापायचे, असं करारातच लिहिलेलं होतं. ते कलम ग्लेनिसला तोंडपाठ होतं. म्हणजे सत्तावीस मार्चला डॅरिलच्या हातात महिन्याचा अर्धाही पगार पडणार नाही, लाँड्रीची नोकरी गेलेली असेल आणि कर्स्टी बॅग भरत असेल. एवढं सगळं तिच्या एका सहीवर.

ती तडक पेनफोल्डकडे गेली.

“सायकलची योजना या वर्षापुरती थांबवू या का?”

“का?”

“का म्हणजे? बारा महिन्यांचा करार आणि पाच-सहा आठवड्यांचा कारखाना!”

“दरवर्षी सुरू असते ना ती या दिवसांत? मग थांबवली की वास येणार. सही करा.”

“आणि दुकानदाराचे पैसे?”

“बिल तीस दिवसांनी येतं, डक,” पेनफोल्ड म्हणाला, आणि त्याने टेबलावरची पेन्सिल सरळ करून ठेवली.

म्हणजे दुकानदारही बुडाला. ग्लेनिस आपल्या खोलीत आली आणि फॉर्म समोर घेऊन बसली. इकडे आड, तिकडे विहीर. डॅरिलला सांगावं, तर तो बेव्हला सांगणार, बेव्ह अख्ख्या गावाला. ऑर्डर गेली तर साठ घरांचा मार्च कोरडा. न सांगावं, तर हा एक माणूस आपण होऊन खड्ड्यात चालत जाणार, आणि खड्ड्यापर्यंतची वाट दाखवणारी सही आपली.

मग तिला नियम आठवला.

या योजनेत पैसे कापल्यावर माणसाचा पगार सरकारी किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये. गेला, तर सायकल देता येत नाही. डॅरिलचा दर किमान वेतनाच्या जेमतेम वर होता. भट्टीचा गरमीभत्ता धरला तर तो नियमात बसत होता, नाही धरला तर काही पेन्सने खाली जात होता. आजपर्यंत ग्लेनिसने प्रत्येकाचा भत्ता धरला होता. या खेपेला तिने धरला नाही. पत्र टाइप केलं, “नियमानुसार आपला अर्ज मान्य करता येत नाही,” आणि खाली सही ठोकली. तिने एकवीस वर्षांत केलेली ही पहिली लबाडी, आणि ती करताना तिला चोरी केल्यासारखं नव्हे, तर प्रार्थना केल्यासारखं वाटलं.

बुधवारी डॅरिलला पत्र मिळालं. जेवणाच्या सुट्टीत तो कँटीनच्या दारात कागद हातात धरून उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

“म्हणजे मला इतका कमी पगार आहे,” तो सगळ्यांदेखत म्हणाला, “की माझेच पैसे माझ्यासाठी कापायलाही परवानगी नाही?”

“डॅरिल, तू एवढा गरीब आहेस की कर्जबाजारी व्हायचीही तुझी ऐपत नाही!” भट्टीवरचा कुणीतरी ओरडला, आणि सगळी कँटीन खदाखदा हसली. डॅरिल हसला नाही. त्याने ग्लेनिसकडे पाहिलं. रागाने नव्हे, त्याला लागलं होतं.

“नियमच आहे रे तसा,” ती म्हणाली. “मी तरी काय करू? हे बघ, लाँड्रीवाले निदान माणसाची किंमत तरी करतायत. घे ती नोकरी.”

“बघतो,” तो म्हणाला आणि कागदाची घडी करून खिशात घातली.

त्या रात्री ग्लेनिसला आठ दिवसांत पहिल्यांदा झोप लागली. राग येऊ दे, अबोला धरू दे, नाताळला कार्ड नाही पाठवलं तरी चालेल. लाँड्रीत जाऊ दे एकदाचा, असं ती मनाशी म्हणाली.

करायला गेली गणपती आणि झाला मारुती. गुरुवारी दुपारी पेनफोल्ड स्वतः कँटीनमध्ये आला. त्याने डॅरिलच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “या माणसाला नियमाने सायकल नाकारली. मी म्हटलं, नियम बदलता येत नाही, पण पगार बदलता येतो. आजपासून डॅरिलला तासाला वीस पेन्स वाढ! हार्कनेल आपल्या माणसांना पायी चालायला लावत नाही, डक!”

लोकांनी टेबलं बडवली. बेव्हने डॅरिलच्या गालाचा मुका घेतला. पगारवाढ! या कारखान्यात तीन वर्षांत कुणी तो शब्द ऐकला नव्हता. बुडणारा माणूस दुसऱ्याला पैसे वाटतो का? नाही. मग झालं तर, सगळं ठीक आहे. ग्लेनिसला त्या सगळ्या चेहऱ्यांवरून भीती उतरताना दिसली.

संध्याकाळी पेनफोल्डने तिला बोलावलं. दार लावलं.

“नियम बरोबर दाखवलात तुम्ही,” तो म्हणाला. “वीस पेन्स, आठवड्याचे चाळीस तास, पाच आठवडे. चाळीस पौंड. चाळीस पौंडांत साठ माणसं शांत राहतात. याहून स्वस्त काही असतं का?” मग त्याने जुन्या फॉर्मांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. “आधीच्या कुणाचाच भत्ता वगळलेला नाही तुम्ही. मी जुने फॉर्म काढून बघितले. पुन्हा नियम शोधू नका, ग्लेनिस. तुमच्या सहीचा तो गुप्ततेचा कागद माझ्या कपाटात आहे.”

त्याने डॅरिलचा फॉर्म तिच्यापुढे सरकवला. पेनही त्यानेच दिलं. ग्लेनिसने ‘मालकाच्या वतीने’ सही केली. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं, याचीच तिला शरम वाटली.

त्यानंतर फॉर्मांची रीघ लागली. शुक्रवारी तीन आले, सोमवारी चार, मंगळवारी आणखी चार. बेव्हनेही भरला; साठीला टेकलेली बाई, शेवटची सायकल तिने लग्नाआधी चालवली होती. “तू सही केलीस म्हटल्यावर मला कसली भीती?” ती म्हणाली. ग्लेनिस सह्या करत गेली. प्रत्येक सहीगणिक पेनफोल्ड दारातून डोकावून मान हलवी. फाटकाजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये, जिथे वर्षानुवर्षं दोन गंजक्या सायकली टेकलेल्या असत, तिथे नव्या सायकलींची रांग लागायला लागली. तिकडे माती साठवायचे हौद रिकामे होत चालले होते. भट्टी दिवसाआड पेटत होती. पण लोक आता त्याकडे बघत नव्हते; ते टायरमधल्या हवेबद्दल आणि कॅनॉलकाठच्या चिखलाबद्दल बोलत होते.

डॅरिलची सायकल मंगळवारी आली, गडद हिरवी. तो तिला रोज दुपारी फडक्याने पुसायचा.

शुक्रवार उजाडला. चारच्या आत लाँड्रीला कळवायचा दिवस. ग्लेनिसला सकाळपासून घड्याळाशिवाय काही दिसत नव्हतं. दुपारी दोनला ती बाहेर पडली, नुसती हवा खायला, आणि शेडपाशी थांबली. करड्या जाकिटातला तो माणूस तिथे वाकला होता. तो सायकलींच्या सीटखाली स्टिकर लावत होता. सायकली कंपनीच्याच, त्याही लिलावाच्या यादीत आल्या होत्या. डॅरिलच्या हिरव्या सायकलीला दोनशे चौदा नंबर मिळाला होता.

तेव्हा ग्लेनिसच्या आतलं काहीतरी तुटलं. साठ घरांचा मार्च, पेनफोल्डचं कपाट, स्वतःची नोकरी, सगळं तिला पटत होतं आणि तरीही तिची पावलं भट्टीकडे वळली. एका माणसाला तरी वाचवू दे. फक्त एकाला. तो कुणाला सांगणार नाही असं त्याच्याकडून वचन घेईन, पाया पडेन, काहीही करेन.

डॅरिल भट्टीमागच्या अंगणात चहा पीत उभा होता. एकटाच होता.

“डॅरिल, लाँड्रीला फोन केलास?”

“नाही अजून. सकाळपासून हातात घेतोय आणि ठेवतोय. कर्स्टी अजूनही म्हणतेय, घे.”

“कर्स्टीचं ऐक.” तिने आजूबाजूला पाहून घेतलं. “मी सांगते ते कुणाला सांगायचं नाही, डोरीनची शपथ आहे तुला. सत्तावीस मार्चला कारखाना बंद होतोय. कुलूप लागणार आहे. मला सगळं माहीत आहे, शेवटचे पगार मीच तयार करतेय. सायकलचा कागद खोटा आहे, तुझी वाढ खोटी आहे. आत्ता फोन लाव आणि हो म्हण.”

डॅरिलने कप खाली ठेवला. तिला वाटलं, आता याचा चेहरा पडेल. पण तो तिच्याकडे बघत राहिला, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर कीव दिसायला लागली.

“तो म्हणालाच होता,” डॅरिल म्हणाला.

“कोण?”

“पेनफोल्ड. वाढ दिली त्याच दिवशी त्याने मला बाजूला घेतलं. म्हणाला, तुझी वाढ ऑफिसात कुणाला तरी रुचलेली नाही. म्हणाला, त्या माणसाचा शब्द मी खाली पाडला ना, म्हणून. कदाचित तुझ्याकडे येऊन घाबरवतील, कारखाना बुडतोय म्हणतील. मी त्याला म्हटलं, छे, ग्लेनिस तसली नाही.”

“अरे, तो खोटं बोलतोय! तुला कळत कसं नाही?”

“मग सही का केलीस?”

ग्लेनिसने “अरे, ती...” म्हणायला सुरुवात केली, पण तो थांबला नाही.

“माझ्या फॉर्मवर केलीस. बेव्हच्यावर केलीस. बारा जणांच्या फॉर्मवर केल्यास. कारखाना बंद होणार हे तुला माहीत असतं आणि तरी तू आमच्या गळ्यात बारा महिन्यांचे हप्ते अडकवले असतेस? तू?” त्याने मान हलवली. “ते मी मानूच शकत नाही, डक. आणि भत्त्याचंही सांगितलं त्याने मला. बाकी सगळ्यांचा धरलास, माझाच तेवढा सोडलास.”

“तुला वाचवायला सोडला! तुला राग यावा, तू निघून जावंस म्हणून!”

“हो ना. मी जावं म्हणून. तेच म्हणतोय मी.”

“सायकलीखाली बघ! सीटखाली लिलावाचा नंबर लावलाय आत्ता!”

“चोरीला जाऊ नयेत म्हणून लावतायत. सकाळीच सांगितलं आम्हाला.”

तिने त्याचा दंड धरला. एवढा दणकट माणूस, पण दंड डोरीनसारखाच मऊ लागला तिला. “डॅरिल, मी आजवर तुला कधी फसवलंय?”

“एकदाच,” तो म्हणाला. “मागच्या आठवड्यात, बुधवारी.”

त्याने तिचा हात हळूच सोडवला, खिशातून फोन काढला आणि तिच्यादेखत नंबर लावला. ग्लेनिस नको नको म्हणत मान हलवत होती. पलीकडे कुणीतरी बाई बोलली. डॅरिलने अगदी अदबीने सांगितलं की त्यांनी विचारलं याबद्दल तो आभारी आहे, पण तो आहे तिथेच बरा आहे, जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या. पलीकडची बाई म्हणाली असावी, लगेच देतो, रांग आहे. तो हसून “हो, ती असणारच” म्हणाला आणि फोन ठेवला.

“झालं,” तो म्हणाला. “सुटलो एकदाचा. कालपासून जीव टांगणीला लागला होता. तू आलीस ते बरंच झालं, नाहीतर चार वाजेपर्यंत असाच घोळत बसलो असतो.”

ग्लेनिसने भट्टीच्या भिंतीला हात टेकला. भट्टी आज बंद होती. वीट गार होती.

डॅरिलने तिच्याकडे पाहिलं आणि त्याचा आवाज निवळला. “हे बघ, मी पेनफोल्डला काही सांगणार नाही. घाबरू नकोस. माणसाचा शब्द खाली पडला की लागतं, मला माहीत आहे. तू मला या जागी चिकटवलंस, ते मी विसरलो नाही. झालं गेलं कॅनॉलला मिळालं.” त्याने चहाचा उरलेला घोट फेकून दिला आणि कप झटकला. “आणि रविवारी दुपारी जेवायला ये. कर्स्टी बीफ भाजणार आहे. वाढ झाली म्हणून. मुलींनी तुझं नाव घेतलं आधी, ग्लेनिस मावशीला बोलवा म्हणून. येशील ना?”

अंगणाच्या टोकाला ऑफिसची खिडकी होती. तिथे पेनफोल्ड उभा होता आणि दोघांकडे बघून त्याने हात हलवला. डॅरिलनेही हलवला.

“येशील ना?” त्याने पुन्हा विचारलं.

“येईन,” ग्लेनिस म्हणाली.